सायलेन्सरचे मुख आणि देवळाचे गोमुख

सौंसर तालुक्यातील मोहगाव हवेली हे गाव अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे त्या परिसरात सर्वांच्या ओळखीचे आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने या मुलखाने बरीच स्थित्यंतरे पाहिली. पूर्वी तो मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा आदी जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यासह तो मध्यप्रदेशात राहिला. आणि २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा हलल्या, परंतु घराघरांतील मराठी हलली नाही.

एके काळी बैलगाडीने दर्शनास येणारी मंडळी आता मोटारीने येतात. मोटार आली म्हणजे तिला नटविण्याची हौसही आली. काच, चाके, दिवे यांबरोबर आता सायलेन्सरच्या मूळ नळीवर चकचकीत टिप बसविण्याची प्रथा गावोगाव पोचली आहे. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. गाडी आमची, आम्ही तिला वाटेल ते लावू, असे एक पक्ष म्हणतो. कंपनीने दिले त्याहून निराळा एक खिळाही लावणे हा गुन्हाच, असे दुसरा पक्ष बजावतो. आम्हांस हे दोन्ही पक्ष एकांगी वाटतात. या प्रश्नाचा विवेक आपल्या देवळांच्या भिंतीतच सापडतो, असे आमचे मत आहे.

शिवालयाच्या गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर जाण्यासाठी नाळ असते. जे वापरून झाले ते बाहेर सोडण्याची ती वाट. पण आपल्या शिल्पकारांनी ती उपेक्षिली नाही. भिंतीबाहेर आलेल्या तिच्या टोकास कोठे गाईचे, कोठे मकराचे मुख कोरले. नाळ ओलांडू नये म्हणून आपण सोमसूत्री प्रदक्षिणा करतो. परंतु शिल्पकाराने एक मर्यादा कधी सोडली नाही: मुख कितीही अलंकृत असो, आतील वाट अरुंद झाली नाही आणि उतार मोडला नाही. अलंकार टोकाला आणि कार्य अबाधित, हा त्या कलेचा नियम होय.

आता मोटारीकडे वळू. इंजिनात पेट्रोलचा स्फोट झाल्यावर तप्त वायू प्रत्येक वेळी धक्क्यासरशी बाहेर पडतो; मोकळा सोडला तर त्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा होतो. १८९७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी हा आवाज दाबणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळविले. वायूला मोठ्या पोकळीत प्रसरण पावू द्यावे व आडपडद्यांतून फिरवून त्याचा वेग शमवावा, हे सायलेन्सरचे तत्त्व आहे. म्हणजे गाडीची शांतता त्या पिंपाच्या पोटात असते. शेवटच्या नळीच्या तोंडात नसते.

तोंड सजविण्याची कल्पना अमेरिकेतील समृद्धीच्या काळात बहरली. १९५२ च्या कॅडिलॅक गाडीत दोन्ही बाजूंचा धूर थेट मागच्या बंपरमधील छिद्रांतून बाहेर काढला होता. शोभा मोठी झाली, परंतु पुढे धुराने व ओलाव्याने अशा बंपरचा क्रोम काळवंडू लागला. शोभेने कार्याच्या जागी घुसखोरी केली म्हणजे असे होते. आपल्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या फियाट गाड्या निघाल्या, त्यांची मागची नळी साधी व बारीक असे. त्यावाचून कोणाचे अडले नाही.

तथापि हौसेस आमचा विरोध नाही. टिप बसवायचीच तर रीतीने बसवावी. प्रथम मूळ नळीचा बाहेरचा व्यास मोजावा. साधन नसेल तर नळीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा व ३.१४ ने भागावे. टिपेचा आतील व्यास त्याहून किंचित मोठा हवा. नळीहून अरुंद टिप वायूची वाट अडविते. नळीवरचा गंज घासून काढावा, टिप पुरेशी आत सरकवावी व क्लॅम्पने घट्ट आवळावी. वेल्डिंग केल्यास ती पुन्हा सहज निघत नाही. नळी रबरी आधारांवर लोंबत असल्यामुळे चालत्या गाडीत हलते, म्हणून तप्त टिप व प्लास्टिकचा बंपर यांत मोकळी जागा ठेवावी. एक लिटर पेट्रोल जळले असता अंदाजे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. थंड नळीत त्याचे थेंब होतात व नळी आतून गंजते. म्हणून टोक वर चढलेले नसावे. येथेही गोमुखाचाच नियम लागू पडतो.

कायद्याचे म्हणणे याहून वेगळे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानेच प्रांतिक सरकारांस वाहनांचा धूर व आवाज यांवर नियम करण्याचा अधिकार दिला होता. आज १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटारीस आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. ११२ वा नियम सर्वसाधारणपणे धूर मागे किंवा उजवीकडे सोडण्यास सांगतो, डावीकडे नव्हे. डावीकडे पायी चालणारा माणूस असतो, हा हेतू उघड आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्यास पहिल्या अपराधासाठीच तीन महिन्यांपर्यंत कैद वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्याची अपात्रता ठरविली. आमच्या मते, ज्या टिपेने आवाज, धूर वा धुराची दिशा बदलत नाही, ती या निर्णयाच्या मुळाशी असलेल्या दोषापासून दूर आहे. पण सायलेन्सरचे पोट कापून आतील पडदे काढणे आणि वर टिप चढवून त्यास शोभा म्हणणे, हा सरळसरळ अपराध होय.

या अपराधाचा उपद्रव दंडाच्या पावतीवर मावत नाही. देवळाच्या आवारात जप करणारा वृद्ध, पाळण्यातले मूल आणि परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी यांची शांतता तो हिरावून घेतो. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटमुक्त जीवन हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काशी जोडले आहे. ज्या देवळात पाण्याच्या नाळेलाही मान देऊन आपण पाऊल मागे घेतो, त्या देवळासमोर गाडीचा धूर गर्जत सोडणे हे भक्तीस शोभत नाही. नळीचे तोंड सजवावे. तिचे पोट शांत ठेवावे. आपल्या पूर्वजांनी दगडात कोरलेली मर्यादा लोखंडातही पाळली गेली, तर हौसही राहील आणि गावाची झोपही.