बटणांचा अर्थ कोणाच्या हाती? : हातातील गेमिंग संगणकांवरील नियंत्रण-जुळणीचा इतिहास

संगणकाच्या इतिहासलेखनात प्रोसेसर, स्मृती व पडदा यांना जे स्थान लाभले, ते गेम खेळण्याच्या कंट्रोलरला लाभलेले नाही. वस्तुतः बटण दाबले असता यंत्रापर्यंत केवळ एक संकेत पोहोचतो. त्या संकेताचा अर्थ उडी घ्यावयाचा की गोळी झाडावयाची, हे कोठेतरी लिहून ठेवावे लागते. ही जुळणी कोणाच्या ताब्यात होती व तो ताबा कसा सरकत गेला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सबरोबर डायरेक्टइनपुट ही व्यवस्था आली. तीत बटणांना नावे नव्हती, क्रमांक होते. आणि पहिला क्रमांक कोणत्या बटणाचा, हे उत्पादकागणिक बदलत असे. त्यामुळे नव्या खेळाची पहिली काही मिनिटे जुळणी करण्यातच जात. काम कंटाळवाणे खरे, परंतु ते खेळाडूच्या स्वाधीन होते. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरसमवेत एक्सइनपुट आले आणि मांडणी कायमची ठरून गेली. सोय झाली, मात्र त्यानंतर इतर कंट्रोलरांनाही त्या एकाच कंट्रोलरचे सोंग घेणे भाग पडू लागले. २०१३ च्या एसडीएल २.० या मुक्त संग्रहाने निराळा मार्ग काढला. प्रत्येक कंट्रोलरची जुळणी एका ओळीच्या मजकुरात मावू लागली व ती ओळ कोणालाही लिहिता येई. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील सर्वांत उदार टप्पा हाच होय.

व्हॉल्व्ह कंपनीने २०१५ मध्ये स्टीम कंट्रोलर विक्रीस आणला. त्यावरील दोन स्पर्शपट्ट्या जुन्या साच्यात बसणाऱ्या नव्हत्या. म्हणून जुळणीचे काम कंपनीच्या स्टीम या प्रोग्रामकडे गेले, आणि स्टीम हे लाँचर असले तरी मुळात दुकानही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातातील संगणकाने हीच परंपरा चालविली. त्यावर स्टीम एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर निर्माण करते आणि खेळाला दिसतो तो हा आभासी कंट्रोलर.

स्टीम बंद करताच चित्र पालटते. यंत्र 'लिझार्ड मोड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत जाते. 'ए' बटण एंटर होते, 'बी' एस्केप होते, उजवी स्पर्शपट्टी माऊसचा बाण हलवू लागते. यात कपट नाही. ही सोय नसती तर डेस्कटॉपवर बाण हलविणेही अशक्य झाले असते. तथापि अन्य दुकानातून घेतलेला खेळ अशा वेळी सुरू होतो, पण त्याला कंट्रोलर सापडत नाही. यावर रूढ झालेला उपाय म्हणजे तो परका खेळ स्टीमच्याच यादीत नोंदविणे. माल दुसऱ्या पेढीचा, पण वाट याच पेढीच्या दारातून!

जून २०२३ मधील आरओजी अॅलाय या विंडोज यंत्राने उलट मार्ग धरला. ते स्वतःच एक्सबॉक्स कंट्रोलर म्हणून पुढे येते, त्यामुळे लाँचर कोणताही चालतो. पण एक्सइनपुटमध्ये मागील बाजूच्या बटणांना जागाच नाही. त्यांच्यावर अन्य बटणांची कामे सोपविण्यासाठी पुन्हा उत्पादकाचाच प्रोग्राम उघडावा लागतो.

दरम्यान लिनक्सच्या गाभ्यात २०१८ मध्ये स्टीम कंट्रोलरचा ड्रायव्हर समाविष्ट झाला व २०२३ मध्ये त्यास स्टीम डेकचीही ओळख झाली. स्टीमविना खेळाला बटणे दिसण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. जुळण्या मात्र त्या मार्गाने बाहेर आल्या नाहीत. एकाच हाताने खेळणाऱ्या व्यक्तीने एखाद्या खेळासाठी बेतून घेतलेली मांडणी आजही स्टीममध्येच उघडते. लाँचर बंद होताच तिच्या हाती उरतात ती एंटर आणि एस्केप.