इच्छापोर आणि सुरतेची फ्रेंच वखार

इच्छापोर हे गुजरातमधील सुरत जिल्ह्याच्या चोऱ्यासी तालुक्यात, तापीच्या उजव्या तीराकडील पट्ट्यात, सुरत–हजिरा रस्त्यावर वसलेले गाव. आज ते हिरे आणि दागिन्यांच्या औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. इतिहासात मात्र या पट्ट्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. पश्चिमेला सुवालीचा समुद्रकिनारा, पूर्वेला नदीपलीकडे सुरत शहर, आणि या दोहोंमध्ये हा प्रदेश. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने युरोपीय कंपन्यांची मोठी गलबते सुवालीला नांगर टाकत आणि माणसे व माल तिथून सुरतेला जात. फ्रेंचही याच किनाऱ्यावर उतरले. त्यांची वखार सुरत शहरात होती. भारतातील फ्रेंच सत्तेची गोष्ट आपल्याकडे पुदुच्चेरीपासून सांगायची सवय आहे, ती खरे तर तापीकाठी सुरू होते.

फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर याने 1664 मध्ये पूर्वेकडील व्यापारासाठी कंपनी उभारली. तिच्या बाजूने ला बुले ल गूझ आणि बेबेर हे दूत 1666 मध्ये आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारी गेले. शिवाजी महाराज आग्र्यात होते तेच हे साल. सुरतेत व्यापार करण्याची परवानगी फ्रेंचांना मिळाली आणि 1668 मध्ये फ्रांस्वा कारों याने वखार सुरू केली. ही भारतातील फ्रेंच कंपनीची पहिली वखार. कारोंने आयुष्याचा मोठा काळ डच कंपनीच्या चाकरीत काढला होता, जपानमधील तिच्या वखारीचा तो प्रमुखही होता. त्यामुळे डचांच्या व्यापाराची सगळी अंडीपिल्ली त्याला ठाऊक होती आणि फ्रेंचांना तो हवा होता तो त्याचसाठी.

सुरतेची निवड साहजिक होती. मोगल साम्राज्याचे हे मुख्य बंदर, आणि हजच्या यात्रेची जहाजे इथूनच सुटत. खानदेश आणि बुऱ्हाणपूरचा कापूस व कापड तापीखोऱ्यातल्या वाटेने इथे येई. मराठी वाचकाने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण सुरतेच्या बाजारपेठेची मुळे भुसावळ–नंदुरबारच्या काळ्या मातीतही होती. आजही खानदेशी माणूस पोटापाण्यासाठी याच नदीच्या दिशेने सुरतेला जातो.

मराठ्यांशी फ्रेंचांचा पहिला संबंध वखारीच्याही आधीचा. जानेवारी 1664 मधील सुरतेच्या पहिल्या स्वारीत कापुचिन पंथाचे फ्रेंच पाद्री आंब्रोज यांच्या घराला शिवाजी महाराजांनी हात लावू दिला नाही, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निए याने केली आहे. ऑक्टोबर 1670 मधील दुसऱ्या स्वारीच्या वेळी फ्रेंच वखार उभी होती. इंग्रजांनी आपल्या वखारीचा बंदुकीनिशी बचाव केला, तर फ्रेंचांनी मराठ्यांशी समझोता केला. वखारीशेजारच्या तातार सराईत काश्गरचा पदच्युत राजा अब्दुल्ला खान उतरला होता. दिवसभर झुंज देऊन रात्री तो किल्ल्यात निसटला आणि त्याचा ऐवज मराठ्यांच्या हाती पडला. इंग्रज वखारवाल्यांनी फ्रेंचांच्या या समझोत्याला नावे ठेवली. तरीही मूठभर माणसांच्या, दोन वर्षांच्या वखारीला यापेक्षा शहाणा मार्ग नव्हता. राजापूरलाही फ्रेंचांनी वखार घातली.

सुरतेत फ्रेंचांचे बस्तान नीट बसले नाही. मछलीपट्टणची वखार उघडणारा आर्मेनियन अधिकारी मार्कारा आणि कारों यांच्यात तीव्र वाद झाले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर ठाणे मिळवण्याच्या मोहिमेत कंपनीची ताकद खर्ची पडली. परत बोलावलेला कारों 1673 मध्ये लिस्बनजवळ जहाज बुडून मरण पावला. दरम्यान फ्रांस्वा मार्तें याने पुदुच्चेरीचा पाया घातला आणि 1701 मध्ये फ्रेंच कारभाराचे मुख्य ठाणे सुरतेहून तिकडे गेले. युरोपातील युद्धांमुळे फ्रान्सहून जहाजे आणि चांदी वेळेवर येत नव्हती. वखार सुरतेच्या सावकारांच्या कर्जात बुडाली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी व्यापार जवळजवळ थांबला. वखार खचली ती शत्रूच्या तोफेने नव्हे, भांडवलाच्या अभावाने.

या वखारीच्या आसऱ्याने झालेले सर्वांत मोठे काम व्यापाराचे नाहीच. आंकेतील द्यु पेरों हा तरुण अभ्यासक 1758 मध्ये सुरतेला आला. त्याचा भाऊ फ्रेंच वखारीत नोकरीला होता. पारशी पंडित दस्तूर दाराब यांच्याकडे बसून त्याने अवेस्ता आणि पेहलवी ग्रंथांचा अभ्यास केला. 1761 मध्ये तो हस्तलिखितांचा मोठा संग्रह घेऊन परतीला निघाला. त्याचे अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर 1771 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले आणि जरथुश्त्री धर्मग्रंथ युरोपपुढे प्रथमच आले. त्यावर खोटेपणाचा आरोप झाला, पुढे भाषाशास्त्राने त्याचा मूळ आधार खरा ठरवला. या कामात दस्तूर दाराब यांचा वाटा जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही.

1759 मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि फ्रेंचांचे अस्तित्व त्यांच्या मर्जीवर आले. 1777 मध्ये सें ल्युबें हा फ्रेंच दूत पुण्यात नाना फडणविसांशी बोलणी करीत होता, त्याने मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध जुंपताच इंग्रजांनी सुरतेची वखार ताब्यात घेतली. 1783 च्या तहाने ती परत मिळाली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत ती पुन्हा गेली आणि 1814 च्या पॅरिस तहानुसार फ्रान्सकडे आली. त्यानंतर ती एक ‘लोज’, म्हणजे वखारीपुरती जागा, म्हणून उरली. तिथे ना तटबंदी होती, ना सैन्य, ना मुलूख. मछलीपट्टण, कालिकत, बालासोर, ढाका इत्यादी ठिकाणीही अशाच जागा होत्या.

स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, 6 ऑक्टोबर 1947 रोजी, फ्रान्सने भारतातील या लोज भारताच्या स्वाधीन केल्या. पुदुच्चेरीचा कारभार भारताकडे आला तो 1 नोव्हेंबर 1954 रोजी. फ्रेंचांची पहिली जागा त्याच्या सात वर्षे आधी मोकळी झाली होती.