गुप्त लिपी आणि उघडे कुलूप



गुप्त लेखन हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, हेर आणि राजदरबार उभे राहतात. परंतु मराठीतील गुप्त लेखनाचा एक फार मोठा अध्याय लढाईचा नसून ग्रंथांचा आहे, आणि त्याची मुळे आपल्याच जिल्ह्याच्या मातीत आहेत. त्या अध्यायातून निघणारा धडा आज संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक तरुणास उपयोगी पडण्याजोगा आहे. तो कसा, एवढेच आज मांडावयाचे आहे.

तेराव्या शतकात देवगिरीस यादवांचे राज्य होते. त्या काळी श्रीचक्रधरस्वामींचा पैठण, वेरूळ ह्या परिसरात संचार होता. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी माणसामाणसांकडून आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्यातील हा आद्य थोर ग्रंथ होय. नागदेवाचार्यांचा आग्रह असा की, पंथाचे ज्ञान मराठीतच असावे. नाही तर साधीभोळी माणसे त्यास मुकतील. पुढे १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले.

चौदाव्या शतकात ह्याच महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहावयास आरंभ केला. त्या लिप्यांत सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. तिच्या जोडीला सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी कितीतरी लिप्या झाल्या. असे का केले, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, धामधुमीच्या काळात ग्रंथांचे रक्षण व्हावे म्हणून. कोणी म्हणतात, अनधिकारी माणसाच्या हाती शास्त्र पडू नये म्हणून. कारण काहीही असो, घडले ते विलक्षण खरे. जे ज्ञान सर्वांस कळावे म्हणून मराठीत आणले, तेच पुढे मराठी वाचकाला वाचता येईना!

ह्या लिपीचे तत्त्व अवघड नाही. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे चिन्ह घालावयाचे. ही युक्ती आपल्याकडे त्याहूनही जुनी. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक कला सांगितली आहे, आणि कामसूत्रावरील जयमंगला टीकेत मूलदेवाच्या नावाची रीत दिली आहे. तीत अक्षरांच्या जोड्या लावतात : ‘त’ची जोडी ‘प’शी, ‘न’ची ‘म’शी, ‘च’ची ‘ट’शी. मग ‘तप’ लिहावयाचे तर कागदावर ‘पत’ उमटते आणि ‘मन’ लिहावयाचे तर ‘नम’.

ह्या रीतीत दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, सारे गुपित रीतीतच असते. ती रीत एकाने फोडली की त्या रीतीने लिहिलेले सारे ग्रंथ एकदम उघडे पडतात. दुसरी उणीव नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी ह्या पंडिताने दाखविली. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीचे कोणतेही पान घ्या. त्यात ‘त’ आणि ‘न’ पावलोपावली भेटतील, ‘ढ’ आणि ‘झ’ शोधावे लागतील. चिन्हे बदलली तरी ही वारंवारता बदलत नाही. चिन्हे मोजीत बसणारा चिकाटीचा माणूस अखेर मजकुरापर्यंत पोचतो.

आपल्याकडेही तसा माणूस निघाला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. त्याच सुमारास ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी ह्या वाङ्मयाकडे लोकांचे लक्ष वेधले. पुढे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादून छापले, आणि सहाशे वर्षांपूर्वीची आपली बोली आपल्या कानी पडली. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कुलूप कच्चे होते हे आपले भाग्य! ते आजच्यासारखे अभेद्य असते आणि लिपी जाणणाऱ्यांची परंपरा मध्येच तुटली असती, तर ह्या पोथ्या कायमच्या मुक्या झाल्या असत्या.

आता आजचे कुलूप कसे, ते पाहू. १८८३ साली केर्कहॉफ्स ह्या विद्वानाने एक सूत्र मांडले. रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त ठेवावयाची ती केवळ किल्ली. आज जगभर वापरात असलेली ‘एईएस’ ही रीत ह्याच सूत्राने निवडली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ साली उघड आवाहन केले, पंधरा रीती परीक्षेस उतरल्या, जगातील तज्ज्ञांनी त्या फोडण्याचा प्रयत्न केला, आणि डेमन व राइमेन ह्या दोघा बेल्जियन तज्ज्ञांची रीत २००१ साली मानक ठरली. ती कोणीही वाचावी. किल्ली नसेल तर वाचून उपयोग नाही.

ही रीत प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः घडवीत बसावयाची नसते. त्यासाठी तयार, पारखलेल्या आज्ञांचे संच मिळतात. त्यांस ‘लायब्ररी’ म्हणतात. पायथन भाषेत ‘क्रिप्टोग्राफी’ ह्याच नावाची लायब्ररी आहे. ‘पिप इन्स्टॉल क्रिप्टोग्राफी’ एवढी आज्ञा दिली की ती संगणकावर येते. मात्र नावातील एकेक अक्षर तपासावे. मिळत्याजुळत्या नावाने खोटा माल ठेवणारे लोक असतात. तिच्यातील ‘फर्नेट’ ही सोय नवशिक्यास पुरेशी आहे. ती स्वतःच किल्ली घडवून देते, मजकूर बंद करते आणि उघडते; बंद मजकुरात कोणी एक अक्षर जरी फिरविले तरी तो उघडण्यास साफ नकार देते. आपल्या पोथ्यांच्या नकला करताना पाठभेद शिरत, ते ओळखण्यास असे साधन कोणापाशी होते?

तथापि लायब्ररी घेतली म्हणजे सुटलो असे नव्हे. ‘ओपनएसएसएल’ ह्या सुप्रसिद्ध लायब्ररीच्या डेबियन वितरणात २००६ साली काही ओळी अनावश्यक समजून बाद केल्या गेल्या. त्यामुळे किल्ली घडविताना लागणारी यदृच्छा जवळजवळ नाहीशी झाली, आणि एका जातीच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ उरल्या. हे ध्यानी यावयास २००८ साल उजाडले. पुढे २०१४ साली त्याच लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला. तो दोन वर्षे तेथेच होता, आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील किल्ल्यासुद्धा बाहेर पडू शकत होत्या. दोन्ही वेळी गणित शाबूत होते; चूक बांधकामात होती. बांधकाम सर्वांस पाहता येत होते, म्हणून दोष अखेर सापडला आणि दुरुस्त झाला. म्हणून लायब्ररीची नवी आवृत्ती आली की ती घ्यावी. आळस करू नये.

तात्पर्य, तरुण मित्रांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. स्वतःची गुप्त रीत शोधून तिच्यावर विसंबू नये. ती रवळोबासांच्या वाटेने जाईल. किल्ली प्रोग्रामच्या मजकुरात लिहून ठेवू नये. तो मजकूर दहा जणांच्या हाती जातो. आणि किल्लीची एक प्रत दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी, आपल्या मागे ती कोणास मिळावी हेही ठरवून ठेवावे. कारण आजचे कुलूप उघडावयास कोणी राजवाडे येणार नाहीत.