ग्रे, पण नेमका कोणता?

दादरचं असो की तालुक्याच्या बाजारपेठेतलं, मॅचिंग सेंटरमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. काउंटरवर साडीचा पदर पसरलेला. शेजारी करड्या टू बाय टूचे पाच-सहा तागे. एक निळसर वाटतो, दुसरा मातकट, तिसरा "परवाच्या त्या ग्रेसारखा, पण तो नाही". दहा मिनिटं खल होतो आणि शेवटी दुकानदारच म्हणतो, "ताई, जरा बाहेर उजेडात बघून या."

लाल किंवा हिरवा रंग निवडताना इतका घोळ होत नाही. तो होतो करडा, बिस्किटी, मोतिया, साईसारखा पांढरा अशा रंगांमध्ये. डिझाइनवाले ज्यांना 'न्यूट्रल' म्हणतात ते हे रंग. मराठीने त्यांना वस्तूंची नावं दिली. राखेवरून राखाडी, पारव्यावरून पारवा, धुरावरून धुरकट. पण गोवरीची राख आणि लाकडाची राख तरी कुठे एका रंगाची असते? दोन ग्रे वेगळे कसे ओळखायचे आणि त्यातला एक कसा निवडायचा, हा प्रश्न माणसं गेली दोनशे वर्षं गंभीरपणे सोडवत आहेत. त्याची सुरुवातही एका कापडाच्या तक्रारीनेच झाली.

पॅरिसचा फिका काळा

१८२४ साली मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलां कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. गोबलां म्हणजे राजेरजवाड्यांच्या भिंतींवर लागणारी चित्रं विणणारा कारखाना. तिथे तक्रार होती, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांमध्ये सावलीसाठी वापरलेली काळी लोकर फिकी दिसते. साहजिकच सगळ्यांचा संशय रंगाऱ्यांवर.

शेव्रलने इतर नामांकित कारखान्यांची काळी लोकर मागवली आणि आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. गोबलांचा काळा कुठेही कमी नव्हता. दोष रंगात नव्हता, शेजारात होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. निळ्याच्या शेजारी बसलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध, म्हणजे नारिंगीकडे झुकणारी छटा चढते आणि तो उडाल्यासारखा वाटतो. करड्याचं तर याहून अवघड. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे शेजाऱ्याचा परिणाम त्याच्यावर लगेच दिसतो. एकच करडा लाल पार्श्वभूमीवर हिरवट दिसतो आणि हिरव्या पार्श्वभूमीवर तांबूस.

शेव्रलने हे सगळं १८३९ मध्ये एका जाडजूड ग्रंथात मांडलं. चित्रकारांनी तो वाचला, विणकरांनी वापरला. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की ग्रे कधी एकटा निवडू नये. तो जिथे नांदणार आहे, त्या रंगाशेजारी ठेवूनच बघावा. साडी घरी ठेवून ब्लाउजपीस आणायला कुणी जात नाही, ते याचमुळे.

नावांऐवजी आकडे

पुढचा प्रश्न नावांचा होता. बोस्टनमधला चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल याला रंगांच्या नावांचा वैताग होता. शिकवायचं कसं, जर प्रत्येकाच्या डोक्यातला 'करडा' वेगळा असेल? १९०५ मध्ये त्याने एक पद्धत मांडली. कोणत्याही रंगाला तीन प्रश्न विचारायचे. रंगछटा कोणती? उजळ किती? आणि भडक किती? न्यूट्रल रंगांची जागा या रचनेच्या मधोमध, कण्यासारखी. खाली शून्यावर काळा, वर दहावर पांढरा, मध्ये करड्याच्या पायऱ्या.

यातली एक गंमत बघण्यासारखी आहे. बरोब्बर मधली, पाचव्या पायरीचा करडा किती प्रकाश परत पाठवत असेल? आपण म्हणू निम्मा. प्रत्यक्षात तो जेमतेम २० टक्के असतो. अंधाऱ्या बाजूच्या छोट्या फरकांना आपला डोळा जास्त महत्त्व देतो, म्हणून डोळ्यांचा मध्य आणि प्रकाशाचा मध्य एक नसतात.

मन्सेलच्या पद्धतीचे तक्ते पुढे मृदाशास्त्रज्ञांनी उचलले, आणि आजही मातीचा रंग त्यांच्याशीच जुळवून नोंदवतात. मातीचं ढेकूळ हातात घ्यायचं, दिवसाउजेडी तक्त्यातल्या चौकटींशी लावून बघायचं, कोरडं असताना एकदा आणि ओलं करून एकदा. विदर्भ-मराठवाड्यातली जिला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'काळी माती' म्हणत आलो, ती या तक्त्यावर बहुतेक वेळा काळ्या चौकटीवर बसत नाही. तिची जागा 'अतिगडद करडा' किंवा 'गडद करडा-तपकिरी' अशा चौकटींवर येते. शेतकऱ्याचं नाव चुकीचं नाही. लाल आणि भुऱ्या मातीशेजारी ती काळीच दिसते. तुलना कशाशी केली, त्यावर नाव ठरलं.

दुकानदार बाहेर उजेडात का पाठवतो, याचंही उत्तर नंतर नीट मिळालं. दोन कापडांचा करडा वेगवेगळे रंग मिसळून बनवलेला असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये जे प्रकाशकिरण कमी असतात, त्यांच्यापुरता दोघांतला फरक लपून राहतो. सूर्यप्रकाशात सगळे किरण हजर असतात आणि लपलेला फरक उघडा पडतो. ट्यूबलाइटमध्ये जुळ्या वाटणाऱ्या दोन ताग्यांचं नातं पायरीवर येताच तुटतं, ते असं.

गडद ग्रे, साध्याहून फिका

मग आले संगणक. तिथे प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे, शून्य ते २५५. तिन्ही सारखे असले की शुद्ध करडा. निळा थोडा चढा ठेवला की थंड करडा, लाल चढा ठेवला की उबदार. आता तरी भांडण मिटायला हवं होतं.

पण नावांनी इथेही पाठ सोडली नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीच्या रंगयादीत 'ग्रे' म्हणजे १९० होता आणि 'डार्क ग्रे' १६९. ठीकच होतं. वेबपानांच्या सुरुवातीच्या सोळा रंगांत मात्र 'ग्रे' १२८ ठरला होता. पुढे दोन्ही याद्या एकत्र केल्या तेव्हा 'ग्रे' एका यादीतून आला आणि 'डार्क ग्रे' दुसरीतून. परिणाम असा, की आजही तुमच्या ब्राउझरमध्ये डार्क ग्रे हा साध्या ग्रेपेक्षा फिका आहे. आता तो दुरुस्त करता येत नाही. केला तर त्या नावावर विसंबून बनवलेल्या असंख्य वेबपानांचे रंग बिघडतील.

११८ आणि ११९

इथवर हा सगळा चोखंदळपणा वाटू शकतो. पण पांढऱ्या पडद्यावर करडी अक्षरं आली की विषय फक्त आवडीचा राहत नाही. फिकी करडी अक्षरं देखणी, शांत दिसतात. डिझाइन करणारा पंचविशीचा, पडदा भारी, खोलीत एसी. वाचणारी मात्र सत्तरीची, स्वस्त फोन, दुपारचं ऊन.

२००८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सर्वांना वाचता यावं यासाठीच्या नियमांची दुसरी आवृत्ती काढली. साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं, असं त्यात आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. ऐंशीच्या आसपासच्या माणसांची नजर साधारण जितकी कमी झालेली असते, तिची भरपाई होईल असा तो धरला आहे.

आता पांढऱ्यावर ११८ चा करडा ठेवा. गुणोत्तर येतं ४.५४. पास. ११९ चा ठेवा. ४.४८. नापास. हे दोन करडे शेजारी ठेवले तरी तुम्हाला-मला वेगळे ओळखता येणार नाहीत. रेषा कुठेतरी ओढावी लागते, म्हणून ती तिथे आहे. ११९ वर कुणी आंधळं होत नाही. पण प्रत्यक्षात कुणी ११९ वर थांबत नाही. एक पायरी 'जरा सौम्य' म्हणून, मग आणखी एक, असं करत करत अक्षरं १७० वर जातात. तेव्हा गुणोत्तर अडीचच्याही खाली आलेलं असतं आणि कुणाच्या तरी आजीला बिलाची शेवटची तारीख दिसेनाशी होते. निवडणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याच्या डोळ्यांना दोन्ही ग्रे सारखेच छान दिसतात.

म्हणून पुढच्या वेळी एखादं पोस्टर, लग्नाची ई-पत्रिका किंवा ॲपचा पडदा करताना दोन ग्रेंमध्ये अडलात, तर आकडे बघा, शेजारचा रंग लावून बघा. मग फोन घरातल्या सगळ्यात थकलेल्या डोळ्यांच्या हातात द्या आणि त्यांना म्हणा, "जरा बाहेर उजेडात बघून सांगा."