मोहाचे फूल आणि मद्याची उष्णता

रायपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसास पहिल्याच चैत्रात दोन गोष्टी भेटतात : येथील ऊन आणि पहाटेच्या वाऱ्यावर येणारा मोहाचा गोडसर वास. आबकारी खात्यातील आमच्या स्नेह्यांची या फुलाशी ओळख बहुधा मुद्देमाल म्हणूनच होते. त्याचा इतिहास मात्र पंचनाम्याहून फार जुना आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फुलांची दहा आसवे सांगितली आहेत. त्यांत मधूक, म्हणजे आपला मोह, आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने या फुलास मधुर, शीत व पौष्टिक म्हटले. फूल शीत आणि त्याचे मद्य मात्र उष्ण, हे कसे? चरकाच्या मते मद्याचे उष्ण, तीक्ष्ण, रूक्ष इत्यादी दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध असतात. म्हणून ते हृदयात शिरून ओजास क्षुब्ध करते. तेव्हा ही उष्णता फुलाची नव्हे, आंबवण्याच्या संस्काराची म्हणावी लागते. त्यातून येथील दारू नुसती आंबवलेली नसते. मडक्यावर मडके ठेवून, वाफ थंड करून ती गाळतात. चीनमधील ली शिचेन यानेही, १५९६ साली छापल्या गेलेल्या आपल्या औषधिकोशात, अशा गाळलेल्या मद्यास अत्यंत उष्ण ठरविले आहे.

वाग्भटाने तर ऋतूच सांगितला. ग्रीष्मात मद्य पिऊच नये. प्यावयाचेच तर थोडे व पुष्कळ पाणी घालून. एरवी शोष, शैथिल्य, दाह व मोह होतो. (मोहापासून मोह, हा योगायोग मराठीतच साधावा!) आजचे वैद्यकही सांगते, की मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून ऊब भासते आणि लघवीवाटे शरीरातील पाणी कमी होते. रायपूरच्या वैशाखात हे किती महाग पडेल, ते सांगावयास नको.

पण मोह फुलतो तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडाशी. मग छत्तीसगडच्या रानातला माणूस अडाणीच म्हणावा काय? आम्ही तसे समजत होतो. सुकवलेले हेच फूल टंचाईत त्याचे अन्न होते, हे आम्हांस पुढे कळले. एकदा दौऱ्यावर एका वृद्धाने आमच्यापुढे उकडलेली मोहाची फुले ठेवली. कोपऱ्यातील मडक्याकडे आमची नजर गेलेली पाहून तो हसला व म्हणाला, ते आता नव्हे, साहेब. ऊन उतरू द्या.