महाधमनीचे अस्तर

सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगा आलेला आपण पाहिलेला असतो. आतला दाब तोच असला तरी फुगा जितका रुंद, तितका त्याच्या भिंतीवरचा ताण अधिक. म्हणून तो आणखी फुगतो. पोटातील महाधमनीचेही असेच होते. एरवी सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असणारी ही नळी उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांमध्ये, कधी कधी फुगते. याला ॲन्यूरिझम म्हणतात. तो फुटला की रुग्ण क्वचितच वाचतो.

अल्बर्ट आइनस्टाइन १९५५ मध्ये यानेच गेले. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या ॲन्यूरिझमभोवती सेलोफेन गुंडाळले होते. त्यामुळे भोवती घट्ट ऊती तयार होऊन भिंतीला आधार मिळेल, अशी कल्पना. आज हे ऐकून हसू येते, पण त्या उपायानंतर आइनस्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले!

१९५१ मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तेथे मृत दात्याची धमनी शिवली. पुढे डेक्रॉन कापडाच्या नळ्या आल्या. मात्र पोट उघडून, महाधमनी चिमट्याने बंद करून केलेली ही शस्त्रक्रिया थकलेल्या हृदयाला झेपतेच असे नाही. म्हणून सप्टेंबर १९९० मध्ये बुएनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी जांघेतील धमनीतून डेक्रॉनची नळी वर सरकवली आणि स्टेंटने, म्हणजे धातूच्या जाळीने, ती आतून भिंतीला टेकवली. कोटाला अस्तर लावावे तसे. (खार्किव्हच्या निकोलाय वोलोदोस यांनी छातीतील महाधमनीत हेच १९८७ मध्ये केले होते, पाश्चात्त्य जगाने त्याची दखल फार उशिरा घेतली.)

या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ या काळात १२५२ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. २००४ च्या पहिल्या अहवालात तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पोट उघडलेल्यांत ४.७ टक्के, तर अस्तर लावलेल्यांत १.७ टक्के निघाले. प्रयोग येथेच संपवला असता तर निकाल स्पष्ट होता. संशोधकांनी मात्र पंधरा वर्षे पाठपुरावा केला, आणि २०१६ मध्ये चित्र पालटलेले दिसले. आठ वर्षांनंतर मृत्यूंचे प्रमाण जुन्या शस्त्रक्रियेच्या गटात कमी होते. अस्तर लावलेल्यांपैकी काहींचा जुना फुगा इतक्या वर्षांनी फुटला होता.

तो फुटला कसा? शस्त्रक्रियेत फुगा रक्तप्रवाहातून कायमचा वगळला जातो आणि नवी नळी टाक्यांनी जोडली जाते. अस्तर मात्र जाळीच्या ताणाने टिकून असते, आणि रोगट भिंत जागच्या जागी राहते. फुग्यावरचा निरोगी भाग पुढे रुंदावला की अस्तराचे टोक सैल होते, सरकते, आणि कडेने रक्त आत शिरते. कधी कमरेकडे जाणाऱ्या लहान धमन्यांतून रक्त उलटे फुग्यात येते. या गळतीला १९९६ मध्ये सिडनीच्या जेफ्री व्हाइट यांनी ‘एंडोलीक’ हे नाव दिले. दुसऱ्या प्रकारची गळती पुष्कळदा आपोआप थांबते. टोकाची सहसा थांबत नाही, आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून अस्तर लावलेल्याला बरे वाटत असले तरी जन्मभर ठराविक काळाने सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून घ्यावा लागतो, आणि दर वेळी फुग्याची रुंदी मागच्या आकड्याशी ताडून पाहावी लागते.