टाच नेहमीप्रमाणे

रोहिणखेड हे नाव तुम्ही वाचलं असेल तर बहुधा लढाईच्या संदर्भात. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरीनं खानदेशच्या नसीरखानाला इथं हरवलं. १५९० मध्ये इथंच जमालखानाचा पराभव झाला आणि अहमदनगरची गादी बुऱ्हाण निजामशहाकडे गेली. खुदावंतखान महदवीनं १५८२ मध्ये बांधलेली मशीद आजही गावात आहे. त्यामुळे आजोळ रोहिणखेडचं आणि पीएच.डी. इतिहासात म्हटलं की समोरचा विचारतो, मशिदीवर काम करताय का? नाही. मी मोज्यांवर करतेय. लोकरीच्या, हातानं विणलेल्या मोज्यांवर.

हसू आलं असेल तर एक सांगते. रोहिणखेडच्या दुसऱ्या लढाईच्या आदल्याच वर्षी, १५८९ मध्ये, इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणायचं यंत्र बनवलं. कापड उद्योगाच्या इतिहासात ती मोठी घटना मानतात. तेव्हा विषय हलका नाही, साधनं तेवढी विचित्र आहेत.

माझं मुख्य साधन म्हणजे आजीची वही. चाळीस पानी, कव्हर गेलेलं, मधली दोन पानं उंदरांनी खाल्लेली. लग्नाआधी ती मलकापुरात शिवणवर्गाला जायची, तेव्हाची. वहीत सात नमुने आहेत: टोपरं, कुंची, दोन स्वेटर, बाळाचे मोजे, मोठ्यांचे मोजे आणि एक 'तोंड पुसण्याचा रुमाल, सुती दोरा'. तारीख कुठेच नाही.

तारीख नसलेलं साधन हातात आलं की आपण घाबरतो. घाबरू नका, आधी मापं आणि पैसे बघा. मोज्यांच्या नमुन्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, 'लोकर २ औंस, २ रु. ७५ न. पै.' नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ ला त्यांच्यामागचं 'नवे' गेलं. म्हणजे ही नोंद १९५७ च्या आधीची असूच शकत नाही. १९६४ नंतरची नसेल असं मात्र खात्रीनं म्हणता येत नाही, कारण सरकारनं शब्द काढला म्हणून लोकांच्या तोंडून तो लगेच जात नाही. औंसाचंही तेच. दशमान वजनं १९६२ पर्यंत सक्तीची झाली, पण लोकर विणणाऱ्या बायका पुढं कित्येक वर्षं औंसातच बोलत होत्या. खालची मर्यादा पक्की, वरची सैल. प्रबंधात मी तसंच लिहिलंय, आणि तुम्हीही असं लिहायला लाजू नका.

आता माझी पहिली चूक. सुती रुमालाचा नमुना बघून मी हरखले होते. हा सगळा कपाशीचा मुलूख, खामगावची कापसाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली. तिथल्या घरात सुती दोऱ्याचे रुमाल विणत होते! मी दोन पानी टिपणही लिहिलं, 'स्थानिक कच्चा माल आणि घरगुती उत्पादन' वगैरे. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "त्यानं कोन तोंड पुसते पोरी? बाईले दाखवासाठी इनला होता थो."

झालं. अंग पुसायला पंचा होता, तोंड पुसायला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा होता. विणलेल्या रुमालाची घरात गरजच नव्हती. तो होता शिकाऊ चौकोन: एका कोपऱ्यात चार टाके घालायचे, दर ओळीला एकेक वाढवत मध्यापर्यंत जायचं आणि तसंच कमी करत यायचं. वाढवणं-घटवणं हाताला बसावं म्हणून. नमुना लिहिलेला आहे याचा अर्थ वस्तू वापरात होती असा होत नाही. तुमच्या विषयातही असा रुमाल कुठेतरी असणारच, अभ्यासक्रमात नाहीतर सरकारी परिपत्रकात.

मोज्यांचं तसं नाही. शेतात जाणाऱ्या माणसांना पायमोज्यांचं काय काम? पण बाळंतविड्यात टोपरं, झबलं, दुपटं यांच्या जोडीला लोकरीचे मोजे हवेत, हे तोवर ठरून गेलं होतं. लोकर परकी, विद्या शाळेतून आलेली, आणि तरी वस्तू थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरली. बाळाच्या मोज्यांचं पान सगळ्यात जास्त मळलेलं आहे, हाही पुरावाच.

त्या पानावर आजीनं लिहिलंय: ३२ टाके, चार सुया. एक सुलट एक उलट, १२ ओळी. मग सुलट २० ओळी. मग 'टाच नेहमीप्रमाणे'. मग 'कडेचे उचलून ४२'. मग कमी करत पुन्हा ३२.

मोजे विणणारं कुणीही सांगेल, अवघड असते ती टाचच. सरळ नळी इथं काटकोनात वळते. आणि नेमक्या तिथं दोन शब्द! जी गोष्ट लिहिणाऱ्याच्या रोजच्या सवयीची असते ती तो लिहीत नाही. दप्तरात 'रिवाजाप्रमाणे' हा शब्द आला की जमाबंदीचा अभ्यास करणारे कपाळाला हात लावतात, ते याचसाठी.

आजीला विचारलं, टाच कशी करायची? फोनवर चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, त्यातून काही निघेना. "मंग वळवाचं न," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला दिसायलाही आता कमी झालंय. मग मी गणिताला बसले. ३२ पैकी निम्मे, म्हणजे १६ टाके, पायाच्या वरच्या बाजूला सुईवर थांबलेले असणार. ४२ मधून ते वजा केले की २६ उरतात. हे २६ म्हणजे टाचेचे उरलेले टाके अधिक दोन्ही कडांनी उचललेले. १० अधिक ८ अधिक ८? की १२ अधिक ७ अधिक ७? कागदावर दोन्ही बरोबर.

शेवटी स्वतः विणायला घेतलं. १६ टाक्यांवर १६ ओळींची पट्टी विणली, वळवली, कडेच्या प्रत्येक ओळीतून एक टाका उचलला आणि सुयांवर ५८ टाके झाले. घोटा इतका फुगला की त्यात बाळाचे दोन्ही पाय बसले असते. तो मोजा तसाच सुयांसकट घेऊन रोहिणखेडला गेले आणि आजीच्या हातात दिला. तिनं बोटांनी चाचपला, काही न बोलता टाच उसवली आणि विणायला लागली. डोळे खिडकीकडे. मी फक्त बोटं बघत होते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका ती विणतच नव्हती, नुसता दुसऱ्या सुईवर सरकवत होती. त्यामुळे दोन ओळींना मिळून कडेला एकच लांब टाका तयार होतो. १६ ओळींना ८. मग वळवताना दोनाचा एक करत सहा ओळींत १६ चे १०. दहा, आठ, आठ. सव्वीस.

हे रेकॉर्डिंगमध्ये का आलं नाही? कारण टाका सरकवणं म्हणजे काही 'करणं' आहे, असं आजीला वाटतच नव्हतं.

करून बघण्याला साधन-चिकित्सेत जागा आहे का, असं मला एका चर्चासत्रात जरा कुत्सितपणे विचारलं गेलं. तिथं मी इजिप्तचं उदाहरण दिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तिथले लाल मोजे आहेत, अंगठा वेगळा असलेले, साधारण इ.स. तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. अशा मोज्यांना अभ्यासक बराच काळ 'विणकाम' म्हणत आले. १९७२ मध्ये डोरोथी बर्नहम यांनी दाखवून दिलं की यात दोन सुया नाहीतच. नेढं असलेल्या एकाच सुईनं, दोऱ्याचा तुकडा दर वेळी पूर्ण ओढून घेत ते केलेले आहेत. वरवर बघून फरक कळत नाही. दोन सुयांवरचं विणकाम दोरा ओढला की सरसर उसवतं, हे उसवत नाही. धागा कुठून कुठं जातो हे पाहिल्यावर विणकामाच्या जन्माची तारीखच काही शतकं पुढं सरकली.

शिवणवर्गाची कागदपत्रं मी अजून शोधतेय. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे एकाच वर्गाच्या हजेरीपटासाठी नागपूर आणि मुंबई, दोन्हीकडे अर्ज. विदर्भावर काम करणार असाल तर हा हेलपाटा आधीच वेळापत्रकात धरा.

टाच मी परिशिष्टात सहा ओळींत लिहिली आहे. गेल्या महिन्यात आजीला वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लिवाले तुले तीन वर्सं लागले?"